हवालदार बाजी ढेबे मार्ग

भोर
३० जानेवारी २०२४

चि. वर्षाराणी,

आशीर्वाद. सव्वीस जानेवारीला पाटीच्या कार्यक्रमाला तुमच्या कोंडमाळावर येऊन गेल्यापासून माझे गुडघे कुरकुरत आहेत, पण माझी तक्रार नाही. रस्ता झाला म्हणून मी वर तरी आले. तुझ्या लग्नात त्या घळीच्या वाटेने चढले होते, तेव्हा पुन्हा येणार नाही असं ठरवूनच उतरले होते.

तुझ्या सासऱ्यांच्या नावाची पाटी चांगली झाली आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी, मोठी अक्षरं. फाट्यावर एसटीतूनसुद्धा वाचता येतात, मी जाताना पाहून घेतलं. तुझे सासरे पहिल्यांदा माझ्याकडे आले ते अर्ज लिहून घ्यायला. दारात बूट काढले तेव्हा दिसलं, उजव्या पायाला बोटं नव्हती. बर्फात गेली म्हणाले. एखाद्याची छत्री गाडीत राहावी अशा सुरात. पेन्शन घेऊन घरी आलेला माणूस पुढची सगळी वर्षं एका रस्त्यासाठी हेलपाटे घालत होता. आणि रस्ता मंजूर व्हायच्या आधी छातीत कळ येऊन चादरीच्या डोलीत, अर्ध्या घळीत गेला. मग नाव दुसऱ्या कुणाचं द्यायचं? तुमचा सरपंच कुंडलिक कुठल्याशा पुढाऱ्याच्या आजोबांचं नाव घेऊन बसला होता. तुमच्या ग्रामसभेत मला मत नाही, पण तोंड आहे. ते वापरलं.

एक गोष्ट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या माइकवाल्याने तुझ्या सासूबाईंना पुढे केलं आणि म्हणाला, "आजी, ज्यांच्या नावाचा रस्ता झाला, त्यांचं नाव तुमच्या तोंडून ऐकू द्या." चंद्राबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. शब्द फुटला नाही. इतकं भरून आलं होतं त्यांना. मी सहसा रडत नाही, तुला माहीत आहे.

उत्तर पत्रानेच दे. मोबाईलवर तुझा आवाज तुटतो, आणि जेवढा पोचतो त्यात तू "हो बाई, हो बाई" एवढंच म्हणतेस. वर्गातही तेच करायचीस.

तुझी
शुभा करंदीकर

ता. क. रघुवीरला तूप पोचलं. डब्याला मला हात लावू देत नाही.


कोंडमाळ, ता. वेल्हे
१८ फेब्रुवारी २०२४

आदरणीय बाई,

नमस्कार. पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या गेनबाबरोबर पाठवते आहे, तो नसरापूरला पेटीत टाकेल.

रस्त्याने आमचं फार बरं झालं. आधी दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन गडी फाट्यापर्यंत उतरायचे, आता टेम्पो गोठ्यापाशी येतो. हे शिवऱ्याच्या हॉटेलातून शनिवारी मोटारसायकलने थेट दारात येतात. मामंजी असते तर ओसरीवर बसून नुसता रस्ताच बघत राहिले असते.

पाटी आम्ही पुसतो. पण बायका येता-जाता तिला हळदकुंकू लावतात, त्यामुळे खालची निळी कड लाल झाली आहे. रागावू नका.

आत्या बऱ्या आहेत. (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, तुम्हाला सांगितलं होतं.) त्या आणि धाकट्या आत्या फुलाबाई अजून जुन्या घळीच्या वाटेनेच म्हशी खालच्या माळावर नेतात. इतक्या वर्षांची सवय आहे, सुटत नाही.

करंदीकर काकांना नमस्कार.

तुमची
वर्षाराणी


भोर
२२ मार्च २०२४

चि. वर्षाराणी,

पहिली गोष्ट. "हे" कोण? समर्थ नावाचा धडधाकट नवरा आहे तुला. मी चाळीस वर्षं रघुवीरला रघुवीर म्हणते आहे, त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही. होते तेवढे आपोआप गेले.

दुसरी गोष्ट. काल कुंडलिक भोरच्या बाजारात भेटला. मला बघून पिशवीआड तोंड लपवत होता, मी थांबवलं. तर म्हणतो कसा, "बाई, तुमच्या सडकेवर आमच्या बाया चढंनात." मी विचारलं, म्हणजे काय? तर हसला आणि म्हणाला, "तुमच्या वर्षाराणीलाच इचारा की."

आता तुलाच विचारते. सवय म्हणालीस. सवयीने कुणी साठी उलटल्यावर घळ चढत नाही. खरं काय ते लिही. आणि निबंधासारखं गोडगोड लिहू नकोस. घडलं तसं लिही.

शुभा करंदीकर


कोंडमाळ
१४ एप्रिल २०२४

आदरणीय बाई,

घडलं तसं लिहिते.

त्या दिवशी आत्यांना भरून आलं नव्हतं. त्यांना नाव घ्यायचं नव्हतं. आत्यांनी मामंजींचं नाव कधीच घेतलेलं नाही. मामंजी असताना "मालक" म्हणायच्या, नाहीतर "समर्थचं वडील". मामंजी गेल्यावर तर त्या जास्तच जपतात. माइकवाल्याने चारचौघांत विचारलं, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन गेली, असं त्या घरी आल्यावर म्हणाल्या. मी म्हटलं, लग्नात उखाण्यात घेतलंच होतं ना? तर म्हणाल्या, "त्ये मांडवात, देवाच्या म्होरं. एसटीच्या कंडक्टरपुढं न्हवं."

कारण आता एसटीचा वाहक विचारतो, "कुठलं तिकीट?" थांब्याचं नाव पाटीवरचंच पडलं आहे. आत्या "फुडं" म्हणतात, पुढच्या गावचं तिकीट काढतात आणि तिथून फाट्यापर्यंत मागे चालत येतात.

आणि रस्त्यावर पाय ठेवत नाहीत. मी पहिल्या आठवड्यात विचारलं तेव्हा मला म्हणाल्या, "आगं, ज्यांच्या म्होरं म्या कधी खाटंवर बसले न्हाई, त्यांच्या नावावरनं शेण पाडत म्हशी हाकू व्हय? तू शिकलेली. तुला पाटी दिसती. मला माणूस दिसतंय."

या एकट्या आत्या नाहीत, बाई. हे तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्याही आधी आलं नव्हतं. आमच्या वस्तीत सगळी घरं ढेब्यांची, एकच भावकी. मामंजी त्यात सगळ्यांत थोरले. म्हणजे इथे नांदायला आलेली प्रत्येक बाई त्यांची कुणीतरी लागते. कुणी भावजय, कुणी सून, कुणी पुतण्याची सून. सगळ्यांनी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेतलेला. गडी आणि माहेरवाशिणी रस्त्याने जातात. आम्ही तरण्या सुना वहाणा हातात घेऊन कडेच्या गवतातून जातो. म्हाताऱ्या घळीने. फुलाबाई धाकट्या जाऊ असल्या तरी आत्यांपेक्षा जास्त बोलतात. त्या घळ चढताना धापा टाकत म्हणतात, "जित्तेपणी भावजींनी कुनाची वाट अडिवली न्हाई. आता समदी सडक अडवून बसल्यात." आणि दोघी हसतात.

पण हसण्यासारखं नाही. रस्ता करताना जेसीबीने डोंगर कापला, तो सगळा मुरूम खाली घळीत ढकलला. जुनी वाट आता वाट राहिली नाही, सुटी माती आणि धोंडे आहेत. पाऊस सुरू झाला की ते खाली येणार, हे आमची शेरडंसुद्धा ओळखतात.

म्हणून एक विचारते. पाटीवर नुसतं "कोंडमाळ रस्ता" असं करता येईल का? मामंजींचा फोटो शाळेत लावू. बोलले त्याची माफी असावी.

तुमची
वर्षाराणी


भोर
५ मे २०२४

चि. वर्षाराणी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग.

पाटी बदलायची नाही. तुला कारण कळायला हवं, म्हणून लिहिते. आपल्या भागातल्या रस्त्यांना, चौकांना, सभागृहांना कुणाची नावं आहेत ते एकदा बघ. ज्यांनी गाडीतून खाली पाय ठेवला नाही त्यांची. म्हशीमागे वाढलेला, सैन्यात साधा शिपाई म्हणून गेलेला, पायाची बोटं देऊन परत आलेला माणूस पाटीवर चढला, हे या तालुक्यात किती वेळा घडलं? आणि ते उतरवायचं कुणी, तर त्याच्याच घरच्यांनी? कशासाठी, तर नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून?

मीही सून होते. मी रघुवीरला नावाने हाक मारली म्हणून माझ्या सासूबाईंनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला. वर्षानंतर बोलल्या. रीत अशीच मोडते. कुणीतरी मोडल्याशिवाय ती आपणहून मोडत नाही. मी तुम्हा मुलींना शाळेत हे शिकवलं नसेल, तर मी तीस वर्षं नुसतं व्याकरण शिकवलं म्हणायचं.

तर तू काय करायचंस ते सांगते. वहाणा पायात घाल. म्हशी पुढे घे. आत्यांच्या देखत रस्त्याच्या मधून चालत फाट्यापर्यंत जा आणि परत ये. काही होत नाही हे त्यांना एकदा दिसू दे. शंभर वेळा समजावण्यापेक्षा हे बरं.

रघुवीर म्हणतो, "ज्यांनी त्या रस्त्याने चालायचं, त्यांना विचारलं होतंस का, शुभा?" कोर्टात नाझर होता, त्याला सगळीकडे दोन बाजू दिसतात. मी म्हटलं, सैनिकाचा मान राखायला विचारायचं कुणाला?

चालून आलीस की कळव.

शुभा करंदीकर


कोंडमाळ
२७ जून २०२४

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. उशिरा केलं, कारण धीर होत नव्हता.

आत्या ओसरीवर शेण्या रचत होत्या. मी वहाणा घातल्या, तिन्ही म्हशी सोडल्या आणि रस्त्याच्या मधून गेले. म्हशींनी करायचं ते केलं. फाट्याला जाऊन परत आले. आत्या तिथेच उभ्या होत्या. आत जाऊन पाण्याची कळशी आणि झाडू घेऊन आल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, पण पाय काही रस्त्यावर पडेना. शेवटी झाडू माझ्या हातात दिला. मी धुतलं.

त्या दिवसापासून त्या माझ्या हातचं खात नाहीत. भांडल्या नाहीत, शिवी दिली नाही. स्वतःची भाकरी स्वतः थापतात. मी वाढायला गेले की म्हणतात, "ऱ्हाऊ दे बाई, तुझं तू जेव." मला कधी "बाई" म्हणत नव्हत्या. समर्थ शनिवारी आला तेव्हा मला म्हणाला, "तुझ्या बाई भोरात बसून लिहिणार, आनि आईची उपासमार हितं व्हनार." मग त्याने आईलाही समजावलं, रागावला, पाया पडला. त्या म्हणाल्या, "तू पोरगा हायस, तू जा की सडकंनं. तुला कोन अडीवतंय?"

म्हशी समर्थने न्याव्यात तर तो आठवडाभर शिवऱ्याला. माझ्याबरोबर सोडायला आत्या तयार नाहीत. मी पुन्हा रस्त्याने नेईन याची त्यांना खात्री आहे.

पाऊस चांगला लागला आहे. घळीत रोज थोडी माती येते. परवा एक धोंडा गडगडत खाली गेला, त्याचा आवाज गोठ्यात आला. दोघी तरी रोज तिथूनच जातात. फुलाबाई पुढे काठीने चाचपतात, आत्या मागून.

मी स्वतः कुंडलिक दादांकडे गेले होते. ते म्हणाले, "माझी ना न्हाई. ग्रामसभेत बाईंनीच आमची तोंडं बंद केली. बाईंची दोन वळींची चिठ्ठी आन, उद्याच्याला पाटी उतरतो." बाकीचे सदस्यही तेच म्हणतात.

म्हणून पुन्हा मागते आहे. दोनच ओळी द्या. मामंजींचा मान आमच्या घरात कमी होणार नाही. आत्या तुमच्या पाटीपेक्षा तो जास्त राखतात.

तुमची
वर्षाराणी


भोर
९ जुलै २०२४

चि. वर्षाराणी,

तुझ्या सासूबाईंनी तुझ्या हातचं न खाणं मला आवडलं नाही, आणि त्यात माझा वाटा आहे हे मला कळतं.

पण चिठ्ठी आत्ता देता येत नाही. माजी सैनिकांच्या एका संघटनेला मी पाटीबद्दल कळवलं होतं. ते लोक पंधरा ऑगस्टला कोंडमाळावर येणार आहेत. पाटीला मानवंदना आणि चंद्राबाईंचा सत्कार. पाहुणे येणार आणि पाटी नाही, हे बरं दिसेल का? त्यांच्यात तुझ्या सासऱ्यांच्या पलटणीतले दोघे आहेत. त्यांना काय सांगायचं, की घरच्यांना नाव नको होतं?

पंधरा ऑगस्ट होऊ दे. नंतर मी स्वतः येऊन चंद्राबाईंशी बोलेन, आणि तरीही त्यांचं मन वळलं नाही तर चिठ्ठी देईन. शब्द देते. तोवर दोघींना घळीने जाऊ देऊ नकोस. म्हशी महिनाभर दावणीला बांधून ठेवा, चारा कापून घाला. नाहीतर गेनबाला सांग. काहीतरी मार्ग काढ. तू माझी विद्यार्थिनी आहेस.

शुभा करंदीकर


भोर
६ ऑगस्ट २०२४

चि. वर्षाराणी,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. फोन लागत नाही. समर्थच्या हॉटेलात फोन केला तर तो रजेवर आहे म्हणाले. कशासाठी ते सांगेनात. गेनबाचा नंबर मिळवला, त्याने "बाई, मी गाडी चालवतोय" म्हणून ठेवून दिला.

काय झालं आहे ते लिही. दोन ओळी चालतील.

शुभा


कोंडमाळ
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,

फुलाबाई गेल्या. जुलैच्या शेवटी.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी म्हशी दावणीला बांधल्या होत्या. आठ दिवस कापून घातलं. मग चारा पुरेना, आणि बांधलेल्या म्हशी दूध देईनात. आत्यांनी सोडल्या. मी आडवी उभी राहिले तर म्हणाल्या, "चल मंग, तू पन घळीनं चल." मी गेले नाही. मला भीती वाटत होती. गोठा झाडत राहिले.

अर्ध्या घळीत माती सुटली. फुलाबाई पुढे होत्या. मातीबरोबर खाली गेल्या, आणि धोंडा कमरेवर आला. आत्या वरच्या कडेला राहिल्या. त्यांच्या कनवटीला समर्थने दिलेला बटणांचा मोबाईल असतो, त्या कडेला रेंज येते. त्याने रुग्णवाहिकेचा नंबर एकाच बटणावर लावून दिला होता. आत्यांनी ते दाबलं.

पुढचं मला आत्यांनीच सांगितलं. न अडखळता, सगळं.

फोनवरच्या माणसाने विचारलं, "आजी, कुठून बोलताय?"

"कोंडमाळ. धनगरवस्ती."

"हे इथे दिसत नाही. रस्ता कुठला?"

"नवी सडक."

"आजी, नव्या सडका पुष्कळ आहेत. सडकेचं नाव सांगा, गाडी लगेच निघते."

"आमच्या मालकांची हाय."

"मालकांचं नाव काय?"

आत्या गप्प. तो माणूस चांगला होता, रागावला नाही. "आजी, नाव सांगा, वेळ जातोय," म्हणत राहिला. खालून फुलाबाई ऐकत होत्या. धोंड्याखालून म्हणाल्या, "आक्का, घ्या की वो. म्या न्हाई कुनाला सांगायची."

मग आत्यांनी नाव घेतलं. तो म्हणाला, "ऐकू येत नाही, मोठ्याने सांगा." त्यांनी मोठ्याने सांगितलं. तो म्हणाला, "पुन्हा एकदा." मी गोठ्यात होते. घळीतून कुणीतरी "बाजी ढेबे, बाजी ढेबे" असं ओरडताना मला ऐकू आलं. आवाज आत्यांचा आहे हे कळलंच नाही, मी तो शब्द त्यांच्या आवाजात कधी ऐकलाच नव्हता. मला वाटलं, कुणी बाई मामंजींना हाका मारते आहे.

गाडी नावावरून बरोबर आली. फाट्यावर अडखळली नाही, थेट वरच्या वळणावर येऊन थांबली. गड्यांनी फुलाबाईंना घोंगडीत घालून घळीतून रस्त्यावर आणलं. आत्या घोंगडीचा कोपरा धरून रस्त्यावर चढल्या. त्यांना ते कळलंही नाही. फुलाबाई नसरापूरच्या अलीकडेच गेल्या. गाडीत त्यांनी आत्यांचा हात सोडला नव्हता.

पंधरा ऑगस्टला तुमचे पाहुणे आले होते. तुम्ही आला नाहीत. समर्थने तुम्हाला नुसता निरोप दिला होता की वस्तीत मयत झाली आहे, येऊ नका. त्यांना कळवायचं राहून गेलं. त्यांनी पाटीला हार घातला आणि सलाम केला. एक साहेब आत्यांना म्हणाले, "माताजी, आमच्या जवानाचं नाव सांगा." आत्या म्हणाल्या, "बाजी सखाराम ढेबे." टाळ्या वाजल्या.

आत्या आता रस्त्याने जातात. वहाणा घालून, मधून, म्हशी पुढे घेऊन. एसटीतही पाटीवरचं नाव सांगून तिकीट काढतात. माझ्या हातचं खातात. वस्तीतल्या म्हाताऱ्याही त्यांच्यामागून जायला लागल्या आहेत. कुंडलिक दादा म्हणाले, "चला, एकदाची रीत मोडली."

तुम्हाला हेच हवं होतं, म्हणून कळवलं.

वर्षाराणी


भोर
३० ऑगस्ट २०२४

चि. वर्षाराणी,

मला हे नको होतं. पण मला काय हवं होतं याला आता अर्थ नाही. तू दोनदा मागितलंस, मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण लिहीन ते माझ्याच समाधानाचं होईल.

सोबत चिठ्ठी आहे. कुंडलिकला दे. पाटी त्याच दिवशी उतरू दे. जुन्या घळीतला मुरूम काढून वाट नीट करून द्यावी म्हणून मी तालुक्याला अर्ज करते आहे. त्यातही मी कमी पडले. एप्रिलमध्येच करायला हवा होता. तेव्हा मी पाटीच्या बातमीचं कात्रण शोधत बसले होते.

रघुवीर काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

चंद्राबाईंची परवानगी असेल तर फुलाबाईंच्या घरी येऊन जावं म्हणते. त्यांच्या मालकांना, सोनबांना विचार. नको म्हणाले तर नाही येणार.

शुभा


कोंडमाळ
१९ सप्टेंबर २०२४

आदरणीय बाई,

नमस्कार. चिठ्ठी मिळाली. कुंडलिक दादा पाना आणि शिडी घेऊन फाट्यावर आले. दोन नट काढलेही होते. आत्या म्हशी घेऊन तिथून येत होत्या. त्यांनी विचारलं, "काय करताय?" दादा म्हणाले, "भोरच्या बाईंनी सांगितलंय, पाटी काढा. तुमाला तरास व्हतो ना, मावशी."

आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. गाडीवाल्याला सांगाया बरं पडतंय."

दादा घुटमळले. "पर मावशी, तुमच्या मालकांचं नाव—"

"माझं मालक व्हतं तवा म्या तोंडात धरलं व्हतं," आत्या म्हणाल्या. "आता त्ये सडकंचं नाव हाय. आवळा त्ये नट."

आणि म्हशी हाकत पुढे गेल्या. दादांनी नट पुन्हा आवळले.

आत्यांची तब्येत ठीक आहे. घरात मामंजींच्या फोटोसमोर त्या रोज दिवा लावायच्या. आता मी लावते. त्यांना एकदा आठवण केली तर "लाव की तूच" म्हणाल्या. फुलाबाईंबद्दल बोलत नाहीत. घळीकडे बघत नाहीत. समर्थने शिवऱ्याची नोकरी सोडली, आता म्हशींचं तोच बघणार आहे; आत्या तरी बरोबर जातातच.

सोनबा काकांना विचारलं. ते म्हणाले, येऊ द्या. आत्यांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली.

म्हणजे तुम्ही या. घळीच्या वाटेने यायची आता गरज नाही, तिथे कुणीच जात नाही. नसरापूरला वेल्ह्याची एसटी मिळेल. वाहकाला पाटीवरचं नाव सांगा, तो बरोबर आमच्या फाट्यावर उतरवेल.

वर्षाराणी